चाल कोणाची? वाळवा तालुक्यातील दोन शाहिरांविषयी

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात अण्णा भाऊ साठे यांचे ‘अकलेची गोष्ट’ हे लोकनाट्य शिकवत असताना एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, “यातली पदे कोणत्या चालीवर म्हणायची?” प्रश्न अगदी साधा होता. हातातल्या पुस्तकात पदे होती, संवाद होते, पात्रांची नावे होती; चाल नव्हती. आम्ही त्या दिवशी लोकनाट्याची घडण, त्यातील सामाजिक आशय, तमाशाशी असलेले त्याचे नाते यांविषयी तासभर बोललो आणि मूळ प्रश्नाला बगल दिली. पुढे तो प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले, आणि अपुरेच, उत्तर आहे.

हे उत्तर शोधताना आम्ही जेथे पोचलो तो प्रदेश आहे कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधला वाळवा तालुका. तालुक्याचे मुख्य ठिकाण इस्लामपूर. (२०२५ साली या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, ज्या काळाविषयी आम्ही लिहीत आहोत त्या काळात ते इस्लामपूरच होते, म्हणून येथे तेच नाव ठेवले आहे.) हा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र याच तालुक्यातले, आणि १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचा हा गड. परंतु मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने या तालुक्याची आणखी एक ओळख आहे, आणि ती पुरेशी अधोरेखित झालेली नाही. रेठरे हरणाक्ष येथे ११ नोव्हेंबर १८६६ रोजी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले, ज्यांना महाराष्ट्र पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो. वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे जन्मले, ज्यांना आपण अण्णा भाऊ म्हणतो. एक कुलकर्णी वतनाच्या घरातला, दुसरा मांगवाड्यातला. एकाच तालुक्यातली ही दोन गावे, आणि दोन्ही जन्मांत अर्ध्या शतकाहून थोडे अधिक अंतर.

या दोघांना एकत्र ठेवण्याचे कारण केवळ भौगोलिक नाही. दोघेही शाहीर होते, आणि शाहीर या शब्दाचा अर्थ आपण वाङ्मयाच्या वर्गात जेवढा घेतो त्यापेक्षा मोठा आहे. शाहीर शब्द रचतो आणि त्याच वेळी चाल रचतो किंवा निवडतो; पुष्कळदा चाल आधी येते आणि शब्द तिच्या मापाने उतरतात. म्हणजे तो लेखक आहे आणि संगीतकारही आहे. मराठी वाङ्मयेतिहासाने यांतल्या पहिल्या माणसाला, थोड्या अनमानाने का होईना, जागा दिली. दुसरा माणूस मात्र इतिहासाबाहेर राहिला. आमचे म्हणणे असे की, दुसऱ्याला वगळून पहिल्याचे मूल्यमापन करताच येत नाही. आणि ते करण्याचा जो प्रयत्न आपण करतो त्यात या दोन्ही शाहिरांवर अन्याय होतो.

प्रथम पठ्ठे बापूरावांकडे पाहू. आधी इतरांच्या फडांसाठी लावण्या रचून देणारा हा तरुण पुढे कुलकर्णीपण सोडून स्वतःच फडात उभा राहिला. ब्राह्मणाने तमाशात जाणे यास पेशवाईतील राम जोशी यांचा दाखला होता हे खरे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरपेशा समाजाची शुचितेची कल्पना अधिक ताठर झाली होती. श्रीधर कुलकर्णी हे नाव टाकून देऊन पठ्ठे बापूराव हे नाव घेण्यात या संघर्षाची खूण आहे. १९०८-०९ च्या सुमारास त्यांनी ‘मिठाराणी’ हा वग छत्रपती शाहू महाराजांसमोर सादर केला. पुढे मुंबई-पुण्यात त्यांच्या फडाला अमाप लोकप्रियता लाभली. त्यांच्या लावण्यांची संख्या लोकपरंपरा दोन लाख सांगते. हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. तो एका अखंड चाललेल्या रचनाक्रियेची जाणीव देतो, एवढेच त्याचे मोल.

ही रचनाक्रिया कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तमाशाचा क्रम वाचकांना ठाऊक आहेच : आरंभी गण, मग गवळण, मग बतावणी आणि लावण्या, आणि उत्तररात्री वग. वगातला पद्यभाग शाहिराचा. पण गद्य संवाद बहुतांशी लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा सर्वांना माहीत असे आणि सोंगाड्या, राजा, प्रधान ही पात्रे उभ्या उभ्या बोलत. समोरचा प्रेक्षक पाहून संवाद लांबे, आटोपे, वळण घेई. या हलत्या गद्याला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे पदे आणि त्यांच्या चाली. कथेतला प्रसंग बदलला हे प्रेक्षकाला कित्येकदा ढोलकीची लय बदलल्यावर आधी कळे, शब्दांतून नंतर. सुरते मागे झील धरत, तुणतुणे सतत एक स्वर देत राही, झांज वजन सांभाळी. शाहिराने कडवे रचताना झील कोठे पडणार, ढोलकीला तोडा घ्यायला जागा कोठे ठेवायची, नाचणारीच्या पावलाला किती मात्रा द्यायच्या, याचा हिशेब आधीच केलेला असे. छापील लावणीत एखादी ओळ आपल्याला विनाकारण पुनरुक्त वाटते, एखादा शब्द भरीचा वाटतो. तो भरीचा नसतो. त्या ठिकाणी आवाज थांबलेला असतो आणि ढोलकी बोलत असते.

अशा रचना जेव्हा छापल्या गेल्या तेव्हा काय झाले? त्या काळच्या पदांच्या पुस्तिका ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना पदाच्या डोक्यावरची एक लहानशी ओळ आठवेल : ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध पदाचे पहिले दोन-चार शब्द. स्वरलेखनाचा हा सर्वांत काटकसरी प्रकार म्हटला पाहिजे. ज्याला ते दुसरे पद येते त्याला हे पदही म्हणता येते. पण ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती ओळ म्हणजे बंद दाराचा पत्ता. पिढी बदलली की एका पदाची चाल विसरली जाते, आणि तिच्यावर बेतलेल्या दहा पदांची चाल तिच्याबरोबर जाते. ग्रामोफोन आला तरी काही मिनिटांच्या तबकडीत रात्रभराचा वग मावणे शक्यच नव्हते.

येथे संगीत नाटकाशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. ‘चाल’ ही ओळ नाटकांच्या पदांवरही असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले तेव्हा पदांचे शब्द त्यांचे होते आणि चालींची निवडही त्यांचीच होती. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये आले तेव्हा त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, हे मराठीचा कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. म्हणजे चाल कोणाची, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाला अपरिचित नाही. नाट्यपदांच्या चाली जपल्या गेल्या, स्वरलिपीत उतरल्या, बैठकीत गायल्या गेल्या. त्याच वर्षांत, त्याच मुंबईत, ‘मिठाराणी’ गाजत होता. त्याच्या चालींविषयी तशी विचारणा कोणी केली नाही. हा फरक कलेच्या दर्जामुळे पडला असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. तो प्रेक्षकागारात कोण बसले होते यामुळे पडला.

आणि चाल कोणाची, हे विचारू लागलो की आणखी एक नाव समोर येते : पवळा. संगमनेर परिसरातील महार समाजातून आलेली ही कलावती पठ्ठे बापूरावांच्या फडाचा प्राण होती. नाच्या पोऱ्याची जागा स्त्रीने घेतली त्या आरंभकाळातील ती सर्वांत नामवंत स्त्री. बापूराव आणि पवळा यांच्या नात्याने गाव हादरला, निंदा झाली, आख्यायिका झाल्या. १९५० साली राजा नेने यांनी ‘पठ्ठे बापूराव’ हा चित्रपटही काढला. या साऱ्या कथनांत पवळा येते ती बहुधा शाहिराच्या जातित्यागाचे कारण म्हणून. पण चालीचा विचार केला तर तिचे स्थान निराळे दिसते. बापूरावांनी रचलेली चाल श्रोत्यांपर्यंत जायची ती तिच्या गळ्यातून आणि तिच्या पावलांतून. कोठे स्वर लांबवायचा, कोणत्या शब्दावर थांबून अदा करायची, हे तिने ठरवले असणार; आणि जे ठरले तेच पुढच्या रचनेसाठी माप झाले असणार. लावणीखाली नाममुद्रा पठ्ठे बापूरावांची आहे. नाममुद्रेला गळा नसतो. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास जातीच्या संदर्भात नव्याने मांडला, तेव्हा पवळेचा विचार स्वतंत्र व्यक्ती म्हणून करणे किती आवश्यक आहे हे स्पष्ट झाले. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली आणि डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली, अशी एक कथा सांगितली जाते. तिचा गाभा लक्षात घेण्याजोगा आहे : ज्या कलेने एका ब्राह्मण शाहिराला कीर्ती दिली, तिची किंमत ज्या स्त्रिया मोजत होत्या त्यांचा प्रश्न त्या नकारात होता. अखेरीस ती कीर्तीही टिकली नाही. २२ डिसेंबर १९४५ रोजी पठ्ठे बापूराव पुण्यात वारले ते विपन्नावस्थेत.

त्यांच्या निधनापूर्वीच, १९४४ साली, मुंबईत ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन झाले होते. अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णा भाऊ साठे ही त्यातली तीन नावे. वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईस आलेला, शाळा जवळजवळ न पाहिलेला हा तरुण गिरणीत आणि मिळेल तेथे राबला. अक्षरओळख त्याने मुंबईत पक्की केली. सूर मात्र गावाकडून बरोबर आणला होता. मांगवाड्यात हलगी-ढोलकीचा कान पिढीजात असतो, आणि वाटेगावी नात्यातल्याच बापू साठे यांच्या तमाशात अण्णा भाऊंनी उमेदवारी केली होती. ढोलकी, तुणतुणे, पेटी अशी वाद्ये ते वाजवत. ‘स्तालिनग्राडचा पवाडा’, ‘बंगालची हाक’, ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ या रचनांचे विषय दूरदूरचे आहेत, पण त्यांचा घाट वारणेकाठचा आहे. व्होल्गेच्या काठचे युद्ध गिरणगावातल्या कामगाराला आपले वाटले याचे श्रेय विचारसरणीला जितके, तितकेच पवाड्याच्या ओळखीच्या चालीला दिले पाहिजे. जी चाल आजवर मराठ्यांच्या लढाया सांगत होती तिच्यात आता लाल सैन्य लढत होते. श्रोत्याच्या कानाने ही बदली मनाआधी मान्य केली.

अण्णा भाऊंनी तमाशाच्या क्रमातही फेरफार केला. गणातले गणेशस्तवन जाऊन तेथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आले. गवळण त्यांनी वगळली. वगातील राजा-प्रधान गेले आणि सावकार, शेटजी, पुढारी आले. ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, ती पुढे अटींसह उठली. या काळात ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले, आणि सरकारी परीक्षणासाठी संहिता लिहून देण्याची गरज निर्माण झाली. इतिहासाचा उपरोध असा की, उभ्या उभ्या बोलले जाणारे गद्य कागदावर उतरण्यास काही अंशी सरकारी संशयही कारणीभूत झाला. संशय शब्दांवर होता. चालीला परवान्याची गरज पडली नाही, म्हणून ती लिहिलीही गेली नाही.

लेखक आणि संगीतकार एकाच देहात असणे म्हणजे काय, याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघर पोचलेली ‘माझी मैना’ ही छक्कड. गावी राहिलेल्या प्रियेसाठी मुंबईत झुरणाऱ्या कामगाराचे हे गाणे पुढे सरकते, आणि तीच मैना बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होऊन जाते. अर्थाच्या पातळीवर हा रूपकाचा एक धीट पालट आहे, आणि वर्गात आपण तेवढेच शिकवतो. पण हा पालट श्रोत्याला खटकत नाही, कारण चाल पालटत नाही. विरहाची लय तीच राहते आणि तिच्यावर राजकीय मागणी चढते. चाल काढून घेतली तर दोन वेगळी गाणी जोडल्यासारखे वाटेल. अमर शेखांचा आवाज हा त्यातला तिसरा घटक. पवळेचा जो प्रश्न आम्ही वर मांडला तोच येथे निराळ्या रूपात उभा राहतो. फरक इतकाच की अमर शेखांचे नाव इतिहासाने राखले.

पुढे अण्णा भाऊ कादंबरीकडे वळले. ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, कथासंग्रह, रशियाचे प्रवासवर्णन असा त्यांचा संसार वाढत गेला, आणि समीक्षेने त्यांना ‘साहित्यिक’ म्हणून मान्यता दिली ती या गद्याच्या बळावर. ‘लोकशाहीर’ ही उपाधी मात्र नावाआधी लावायच्या विशेषणासारखी उरली. ‘वैजयंता’ या कादंबरीत त्यांनी तमाशा कलावतीचेच आयुष्य मांडले. ढोलकीच्या फडात उमेदवारी केलेल्या माणसाने त्या फडातल्या स्त्रीकडे शाहिराच्या जागेवरून न पाहता तिच्या जागेवरून पाहिले. पठ्ठे बापूरावांच्या नाममुद्रेत जिला जागा मिळाली नाही तिला अर्ध्या शतकाने याच तालुक्यातल्या दुसऱ्या शाहिराने नायिका केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले, आणि दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेखही गेले. ‘लाल बावटा’च्या चाली ज्यांच्या अंगात होत्या त्यांतले दोघे एकाच पावसाळ्यात नाहीसे झाले.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. जपानमध्ये ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ नावाचा एक कथाप्रकार आहे : संगणकाच्या पडद्यावर चित्र, खाली मजकूर, पाठीमागे संगीत, आणि मधूनमधून वाचकाने निवडायचे वळण. या प्रकारातील १९७५ साली जन्मलेले जुन माएदा हे कथालेखक आहेत, गीतकार आहेत आणि संगीतकारही आहेत. ‘कॅनन’ (१९९९), ‘एअर’ (२०००), ‘क्लॅनाड’ (२००४) या कृतींनी ते प्रसिद्धीस आले. त्यांच्या कामाविषयी बोलणारा वाचक कथा आणि सूर यांना वेगळे काढत नाही, कारण त्याला ते कधी वेगळे मिळालेलेच नसतात. पान उलटते तेव्हा सूर सुरू होतो. कोणती चाल कोणाची, हेही अखेरच्या श्रेयनामावलीत नोंदलेले असते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण या कृती आवडीने वाचतात, आणि शब्द व स्वर एकाच माणसाचे असले म्हणजे कथेला कोणती खोली येते हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. मग त्यांनीच लोकनाट्याचे पुस्तक उघडल्यावर ‘चाल कोणती’ असे विचारले तर तो प्रश्न अज्ञानातून आलेला नसतो. तो जाणकाराचा प्रश्न असतो.

वाङ्मय म्हणजे छापलेले शब्द, ही व्याख्या आपण मुद्रणयुगाकडून घेतली आणि तिच्याने पूर्वीचे व बाजूचे सगळे मोजत गेलो. ‘वाङ्मय’ या शब्दात वाणी आहे, हे व्युत्पत्ती सांगताना आपण आवर्जून सांगतो आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत विसरतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ साली अण्णा भाऊंचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले, त्याचा आम्हां शिक्षकांना फार उपयोग झाला. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरणही झाले. पुतळा आणि ग्रंथ ही स्मृतीची आदरणीय साधने आहेत. पण दोन्ही मुकी आहेत.

त्या विद्यार्थिनीला आज आम्ही काय सांगू? पहिली गोष्ट ही की, या पदांची चाल पुस्तकात नाही ही पुस्तकाची उणीव नसून आपल्या शिक्षणाची आहे. दुसरी ही की, चाल सर्वस्वी हरवलेली नाही. सातारा-सांगलीकडच्या यात्रांत अजून फड उभे राहतात, वृद्ध शाहीर आहेत, सुरते आहेत, वडिलांकडून ढोलकी शिकलेली माणसे आहेत. त्यांच्याकडे छापील पद घेऊन जावे, ते वाचून दाखवावे आणि थांबावे. पुष्कळदा समोरचा माणूस दुसऱ्या ओळीला गुणगुणू लागेल. ती मूळ चाल असेलच अशी खात्री देता येणार नाही. पण त्या मापात शब्द कसे बसतात हे कळेल, आणि भरीचा वाटलेला शब्द आपल्या जागी जाईल. ते ध्वनिमुद्रित करावे, गाणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याला हे कोणाकडून आले याची नोंद करावी. मराठीच्या एखाद्या विभागाने लघुप्रबंधासाठी एवढे एक काम दरवर्षी दिले तरी दहा वर्षांत वाळवा तालुक्यापुरता तरी एक संग्रह उभा राहील. नोंद करताना पवळेचा धडा विसरू नये : चाल सांगणारा पुरुष असेल आणि ती गायलेली बाई शेजारी बसली असेल, तर तिचेही नाव लिहावे.

पुढच्या वर्षी ‘अकलेची गोष्ट’ पुन्हा अभ्यासक्रमात आहे. या वेळी आम्ही पहिला तास पुस्तक न उघडता घेणार आहोत. इस्लामपूरजवळच्या एका गावातील ढोलकीवाल्यांना वर्गात येण्याची विनंती केली आहे, आणि त्यांनी होकार दिला आहे.